सैल हात

औरंगपुऱ्यात बांगड्यांचं दुकान असलेल्या मावशी मला भेटल्या दवाखान्यात. दोघींनाही नसांचा एकच पिढीजात आजार. एक जनुक शरीरात बिघडलेलं प्रथिन बनवत राहतं. त्या जनुकाला गप्प करणारं औषध रक्तातून मेंदूपर्यंत पोचत नाही, म्हणून ते पाठीच्या कण्यातल्या पाण्यात सोडतात. डॉक्टरांनी हे समजावलं तेव्हा मावशी म्हणाल्या, "व्हय, समजलं. नळ कोरडा, म्हून टँकर थेट हौदात." त्या वर्षी दुष्काळ होता आणि त्यांच्या नव्या वसाहतीला टँकरचंच पाणी होतं.

बोलताना त्या समोरच्याचं मनगट धरायच्या आणि मधेच बांगडीचं माप सांगून मोकळ्या व्हायच्या. "सव्वादोनची लागंल तुला."

पहिल्या खेपेला मी भीतीनं इतकी आखडले, की सुईला वाट मिळेना. मावशींचं इंजेक्शन नुकतंच झालं होतं आणि त्यांना उताणं पडून राहायला सांगितलं होतं. तरी त्या पलंगाचा कठडा धरत आल्या, माझ्यासमोर स्टुलावर बसल्या आणि अशक्त बोटांनी, बांगडी चढवताना चोळतात तसा, माझा पंजा चोळू लागल्या.

"हात सैल सोड, बाई. हात सुटला की पाठ बी सुटती."

मी त्यांच्या बोटांकडे बघत राहिले. जरा वेळानं मागून डॉक्टर म्हणाले, "झालं."

सिस्टर मावशींवर रागावल्या. "उठलात कशाला? आता डोकं दुखेल!"

"दुखू दे की," म्हणत मावशी निवांत आडव्या झाल्या.

डोकं खरंच दुखलं त्यांचं. आजार मात्र दोघींचाही वाढायचा थांबलाय. पुढची तारीख घेताना मी एवढंच विचारते, "मावशी कधी येणार आहेत?"