मावशींचे ऊन हात

कुणालाही हात लावण्याआधी मावशी दोन्ही तळवे एकमेकांवर घासत. भाताच्या तुसावरून पाय ओढावा तसा खरखरीत आवाज येई. मग तळवा स्वतःच्या गालाला लावून पाहत आणि म्हणत, "गार हात लावू न्हाई मान्साला. दचकतंय."

बाळंतीण असो, तापलेला म्हातारा असो की नुकतं जन्मलेलं मूल, हे कधी चुकलं नाही. मुलांनो, तुमच्या आईला या जगात पहिलं तेल त्याच हातांनी लागलं आहे. म्हणून मावशी तुम्हाला माहीत असायला हव्यात.

पाथरीच्या रस्त्यावर आमच्या मिशनचा छोटा दवाखाना होता. मी ऑफिसात पत्रव्यवहार सांभाळत असे, मावशी बाळंतिणींच्या खोलीत आया होत्या. मूळच्या वालूरच्या. घर दोन पिढ्यांपासून ख्रिस्ती झालेलं, पण त्याआधीची जात गाव विसरलं नव्हतं. सुट्टीला गेल्या की मुलं माखायला घरोघरचं बोलावणं येई. "लेकरू माझ्या मांडीवर देत्यात," त्या सांगत, "अन् च्याचा कप वळचणीला खोचलेला, येगळा. म्याच धुवायचा, म्याच खोचायचा." हे सांगताना त्या हसत, म्हणून मीही हसत असे.

दर हिवाळ्यात स्कॉटलंडमधल्या एका चर्चची मंडळी तीन आठवडे आमच्याकडे सेवेला येत. मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराच्या आंदोलनाची वर्षं होती. रस्ते बंद असले की ते पाहुणे दवाखान्याच्या आवारात अडकून पडत आणि मावशींच्या हातच्या ज्वारीच्या भाकरी खात. एका वर्षी त्यांनी लिहिलं, या वेळी तुमच्यातल्या दोघी आमच्याकडे या, महिनाभर, आमच्या वृद्धाश्रमात काम करायला. मला इंग्रजी येत होतं, तेव्हा मी जाणार हे उघडच होतं. दुसरं नाव त्यांनीच कळवलं होतं. मावशींचं.

मला बरं वाटलं नाही. तिथे जाऊन या काय करणार, आणि माझी शोभा तर होणार नाही ना, असंच मनात आलं. मी यादी करून सामान भरलं. मावशींनी यादीत नसलेली एक बाटली लुगड्यात गुंडाळून आणली, घाण्यावरच्या जवसाच्या तेलाची. "म्हातारी मानसं हायत म्हन्ता ना? मग गुडघ्याला ह्याच्यावानी काई न्हाई."

वृद्धाश्रमात खिडकीशी एक म्हातारे सुतार बसून असत. बायको गेल्यापासून कुणाशी बोलत नव्हते. पहिल्याच दिवशी मावशींनी त्यांच्यासमोर जमिनीवर बसकण मारली, तळवे घासले आणि त्यांचा पायमोजा ओढला. मेट्रन धावत आल्या. घरच्यांच्या लेखी परवानगीशिवाय कुणाला तेल लावायचं नाही, असा तिथला नियम होता. मावशींना टेबलावर चमचे मांडायचं काम मिळालं.

पाच दिवस त्यांनी चमचे मांडले. बाकीच्या वेळात मंडळी आम्हाला डोंगर दाखवत आणि फोटो काढत. सहाव्या दिवशी मावशी खाटेवर मांडी घालून बसल्या.

"बाई, आपुन पाव्हनं म्हनून आलोय का कामाला?"

"कामाला."

"मग ह्ये काय चालायलंय? डोंगर बालाघाटात बी हायत."

"मावशी, नियम आहे. लेखी परवानगी लागते."

"मग लिवा की! येवढं इंग्रजी शिकलात, ते मला नियम सांगायला व्हय?"

आयुष्यभर मी एकटाकी पत्रं लिहिली. सुतारांच्या मुलीला लिहिलेलं ते पत्र मात्र तीनदा फाडलं. शेवटी एवढंच लिहिलं, की माझी मुलगी जन्मली तेव्हा तिला सर्वांत आधी या बाईंनी हातात घेतलं होतं.

सुतारांची मुलगी रविवारी आली, सही केली आणि वडिलांशेजारी बसली. मावशींनी बाटलीचं बूच काढलं. म्हाताऱ्यांनी मान वळवली, हुंगलं आणि स्पष्ट विचारलं, "माझ्या कारखान्याचं दार कुणी उघडलं?"

तिकडे जवसाचं तेल लाकडाला लावतात. जन्मभर त्यांनी खुर्च्या आणि कपाटं त्याच तेलाने घासली होती. मुलगी रडू लागली.

"पोरगी कामून रडायलीय?" मावशी घाबरल्या. मी सगळं सांगितलं. "अगं बाई, लाकडाला?" त्या हसत सुटल्या. "मग बरोबरच हाय. ह्येंचे गुडघे लाकूडच झालेत."

मी ते जसंच्या तसं इंग्रजीत सांगितलं. म्हातारेही हसले. त्या दिवसानंतर मेट्रन स्वतः परवानगीचे कागद गोळा करू लागल्या आणि माझं काम संपलं. मावशी वालूरचं बोलत, सुतार त्यांचं. दोघांचं कधी अडलं नाही.

शेवटच्या आठवड्यात एका दुपारी चहा आला. सुतारांनी मुलीला खूण केली. तिने कपाटातून एक वेगळा कप काढला आणि त्यात मावशींसाठी चहा ओतला. मावशींचे हात थांबले. त्या उठल्या आणि चहा पिऊन झाल्यावर कप कुठे धुवायचा ते आधीच शोधू लागल्या. आमच्याकडचं कुणीही तेच समजलं असतं. मीही तेच समजले, आणि माझी मान खाली गेली.

तेवढ्यात मुलगी हलकेच म्हणाली, "आईचा आहे. ती गेल्यापासून बाबांनी कुणाला हात लावू दिला नव्हता."

मी मावशींना सांगितलं. त्या परत खाली बसल्या. तळवे घासले, गालाला लावून पाहिले आणि मग दोन्ही हातांनी तो कप उचलला. एक घोट घेऊन म्हणाल्या, "येगळा कप असा बी असतोय व्हय, बाई."

परत आल्यावर वालूरमधल्या बायांना त्यांनी सांगून टाकलं, "तेल लावते. च्या देयाचा तर तुमच्यातल्या कपात द्या." दोन घरांनी बोलावणं बंद केलं. तिसऱ्या घरच्या सासूबाईंनी मात्र फळीवरचा आपला कप काढून पुढे केला. हे सांगताना मावशी हसल्या नाहीत, ताठ बसल्या होत्या. माझ्या ओळखीत परदेशी जाऊन आलेले पुष्कळ आहेत. इतकं मोठं काही घेऊन आलेलं दुसरं कुणी मला माहीत नाही.

नामांतर झालं त्या हिवाळ्यात मावशी आमच्याच दवाखान्यात खाटेवर होत्या. निरोप मिळताच मी धावत गेले आणि त्यांचा हात धरला. डोळे मिटलेलेच होते.

"गार हाय, बाई."

मी हात काढून घेतला, तळवे घासले, गालाला लावून पाहिले आणि पुन्हा त्यांच्या हातावर ठेवले.

"अजून घासा."

मी घासत राहिले.