पाय मागे न घेणं

एकोणीसशे अठ्ठावन्नात मारेगावचा उकंडा पाली शिकायला सिलोनला गेला आणि चीवर घालून धाकटा भिक्खू झाला. सिंहलीचा त्याला गंधही नव्हता. पहिल्याच सकाळी जमीनदार मालगुजाराच्या घरची शोभावी अशी एक म्हातारी त्याच्या पायांवर वाकली. गावात त्याच्या सावलीचाही विटाळ होत असे. तो हादरून मागे सरला.

"काहून वो माय? उठा ना!" म्हणत त्यानंच तिचे पाय धरले.

विहारातले सगळे वळून पाहू लागले. भिक्खू कुणा गृहस्थापुढं वाकत नाही, बाईला तर शिवतही नाही. आता घरी धाडतात की काय, या धास्तीनं त्याला मारेगावात पाठ केलेली पालीतली क्षमायाचनाच तेवढी आठवली : "खमथ मे, भन्ते."

विहाराच्या गुरुजींनाही पाली येत होती. त्यांनी खुणेनं त्याला स्वस्थ उभं राहायला सांगितलं. म्हातारी पुन्हा वाकली.

सिंहली त्याला सहा महिन्यांत आली. पाय मागे न घेता उभं राहायला दोन वर्षं लागली.