वामनशेठचे खानदानी चौकडे

वामनशेठ माणसाचं तोंड नंतर पाहत. आधी त्याच्या उपरण्याचा पदर दोन बोटांत चोळून पाहत. बेल्लमपल्लीत त्यांचं कापडाचं दुकान होतं. तिथं आजही त्यांचं नाव निघतं ते ‘पूर्वजांचा अपमान करणारा लबाड’ म्हणून. सगळ्या प्रतिष्ठितांनी एकमतानं ठरवलेली गोष्ट, त्यामुळे अर्थातच खोटी. तसं सांगू शकणारा आता मी एकटाच उरलो आहे.

निजामाच्या अमदानीत मी तिथल्या कोळशाच्या खाणीवर कारकून होतो. तिथं एक स्कॉटलंडचा इंजिनिअर होता. त्याच्या सणाला तो चौकड्याचा, म्हणजे रंगीत चौकटींच्या कापडाचा, गुडघाभर घागरा घाली आणि आम्ही हसू दाबून सलाम करू. त्याच्या देशात म्हणे प्रत्येक घराण्याचा चौकडा वेगळा. जमिनीत पुरलेल्या नाण्यांच्या मडक्यात चौकड्याची एक चिंधी सापडली होती, दीड हजार वर्षांहून जुनी. वामनशेठ ते कापड चोळून पाहायला आले, तेव्हा दुभाष्या मीच होतो.

“ही घराण्यांची वाटणीबी तितकीच जुनी का?” शेठनी विचारलं.

साहेब त्या दिवशी पेल्यात जरा खोल उतरला होता. खरं बोलून गेला: वाटणी शंभर-सव्वाशे वर्षांची, आणि पुष्कळशी कापडवाल्यांनीच केलेली.

शेठनी मांडीवर थाप मारली. “बाबू, हा तं आपलाच धंदा निघाला!”

मग आम्ही दोघांनी घराण्यागणिक एकेक चौकडा ठरवून गावाला पूर्वज वाटले. देशमुखांना लाल-काळा, कारण ते नाहीतरी चिडके. माझ्या वडलांना निळा-पिवळा आवडला, म्हणून तो आमच्या पूर्वजांनाही आवडत असे. आठवड्याभरात वडलांना आठवूही लागलं की आजोबा तेच पांघरत. पुरावा हवा म्हणून शेठनी एक चिंधी मडक्यात घालून दुकानामागं पुरली आणि पावसाळा सरल्यावर चारचौघांसमक्ष ‘सापडवली’. सुती चिंधी इतकी छान कुजली होती की लोकांनी हात जोडले.

निळ्या-पिवळ्याचं ठाण उरलं, ते त्यांनी दूरच्या बोथ गावातल्या एका घराण्याला खपवलं. मी म्हटलं, “शेठ, एकच चौकडा दोन घरांत?”

“ते बोथले, तुमी इथं. कोन ताडून पाहून राह्यलं?”

ताडून पाहिलं गेलं. माझ्या बहिणीचं, कुसुमचं लग्न बोथच्या त्याच घरात ठरत आलं. मुलगा तिला मनापासून आवडला होता. सुपारी फोडायला मंडळी जमली, तेव्हा मुलाचे काका आणि आमचे वडील एकाच चौकड्याची उपरणी घालून समोरासमोर बसले.

काका म्हणाले, “चौकडा एक म्हंजे कूळ एक. भाऊ-बहिनीचं लगन लावून राह्यले का तुमी?”

भटजी म्हणाले, “गोत्रं वेगळी आहेत.”

“गोत्र तोंडी असते, महाराज. कापड डोळ्याफुडं हाये.”

वडलांनी मान डोलावली. उपरणं दुकानातलं आहे असं म्हणण्यापेक्षा मुलीचं लग्न मोडणं त्यांना सोपं गेलं.

वामनशेठ हात जोडून उठले. “मालक, हे चौकडे मीच काढले. उरलेलं ठान तुमाले इकलं. मडकंबी मीच पुरलं. पन पोरीचं लगन मोडू नका.”

“काऊन रे? आमचे बापजादे तू इनले का?” काका म्हणाले. बैठक खदखदून हसली.

“या बाबूले इचारा. हा सोबत होता.”

वडलांनी माझ्याकडं पाहिलं. दाराआडून बांगड्यांचा आवाज येत होता, तो थांबला. मी म्हणालो, “मला काही माहीत नाही.” खानदानाची अब्रू राखायची होती ना! जेमतेम तीन पावसाळे पाहिलेलं खानदान होतं ते.

सोयरीक मोडली. गावानं उपरणी जपून ठेवली आणि शेठचं दुकान वाळीत टाकलं. महिन्याभरात ते बल्लारशाला निघाले. मी स्टेशनवर गेलो. माफी मागायची होती. सांगितली ती सबब.

“शेठ, मी बोललो असतो तरी त्या लोकांनी मानलं नसतं.”

शेठ गाडीत चढले, गाठोडं बाकाखाली सरकवलं आणि खिडकीशी येऊन बसले.

“त्यायनं नसतंच मानलं, बाबू,” ते म्हणाले. “पन कुसुम दाराआड उभी होती. तिनं मानलं असतं.”