विहीर वाढली

आमच्या घराण्यात कॉलेजचं तोंड पाहिलेली पहिली मीच. बी.एस्सी. झाले आणि आदिलाबादच्या एका पाणी-संशोधनाच्या दप्तरात लागले. हे मी आजही ताठ मानेनं सांगते. काम मात्र असं होतं की ऐकून लोक हसत. आमच्याच खोऱ्यातल्या विहिरींचं पाणी किती खोल गेलं ते दर आठवड्याला मोजायचं. टेपाला शिशाचं वजन बांधायचं, खालच्या टोकाला खडू घासायचा आणि टेप विहिरीत सोडायचा. वर ओढला की खडू जिथवर भिजला तिथवर पाणी.

सुरुवातीला मी काठावरून वाकले की शेजारच्या वावरातली एखादी बाई धावत यायची.

“काऊन वं पोरी, घरी भांडण झालं का?”

“नाही काकू, पाणी मोजून राह्यली.”

“त्याच्यासाठी एवढी शिकली? हे तं आमची बादलीबी सांगते!”

पण बादलीला वही नव्हती, माझ्याजवळ होती. खोऱ्यात दोन नाले. एक आमच्या गावाजवळून जातो, तामसी गावाच्या पुढं. दुसरा शेजारच्या गावाकडून. त्या वर्षी दोहोंपैकी एकावर दगडी बंधारा होणार होता. ज्या बाजूच्या विहिरी उन्हाळ्यात जास्त खाली जातील, तिकडं. साहेब तेलुगू, कमी बोलणारे. कोणी गळ घालायला आलं की एवढंच म्हणत, “हम नहीं बोलेंगे, रजिस्टर बोलेगा.”

मला बंधारा आमच्या नाल्यावर हवा होता. खोटं कशाला सांगू? बाबा मी लहान असतानाच गेले. मायनं एकटीनं कापूस-ज्वारी करून मला सहावीपासून आदिलाबादला वसतिगृहात ठेवलं. आमची विहीर पावसाळ्यात काठोकाठ, पण वैशाखात तिचा भरवसा नसायचा. मग माय डोक्यावर घागर घेऊन पार खालच्या वस्तीपर्यंत जायची. बंधारा झाला असता तर तिची ती चाल थांबली असती.

नेमकी वैशाखातल्या शेवटच्या मोजणीला मी तापानं खोलीवर पडले. बाकीच्या विहिरी दप्तरातल्या शिपायानं मोजल्या. टोकाची आमची तेवढी राहिली. मी बसच्या कंडक्टरजवळ निरोप दिला, मायला म्हणावं विहिरीत पाहून सांग. दुसऱ्या दिवशी अंगात ताप घेऊनच बस स्टँडवर गेले. कंडक्टरनं बसमधूनच ओरडून सांगितलं, “विहीर वाढली म्हने तुमची!”

चार दिवसांपूर्वी अवकाळी सर येऊन गेली होती. मला वाटलं, पाझर लागला असेल. मागच्या आकड्यापेक्षा हातभर पाणी वर आलं असं धरून मी वहीत लिहून टाकलं. टेप न सोडता. दोन्हीकडचे आकडे तोवर जवळजवळ सारखेच होते. त्याच आठवड्यात वही वर गेली, आणि बंधारा शेजारच्या गावाकडं मंजूर झाला. साहेब म्हणाले, “आपके गाँव में तो पानी बढ़ा है, अम्मा. अच्छा है.”

वाईट वाटलं, पण आकड्यापुढं काय बोलणार? ताप उतरल्यावर घरी गेले, तर माय भर उन्हात घागर घेऊन खालून येत होती. मी तशीच विहिरीवर गेले. तळाचे दगड उघडे पडले होते. एका कपारीत तेवढी ओल.

“माय, विहीर तं आटली!”

“हळू बोल वं. सांगितलं होतं नं म्या, वाढली म्हणून.”

“वाढली म्हणजे?”

तिनं घागर खाली ठेवली आणि माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी परक्या मुलखातून आले. “बांगडी वाढते तवा का होते? डब्यातलं पीठ वाढते तवा का होते? येवढी शिकली आन् हेबी मलाच सांगा लागते?”

आमच्या घरात चालत्या वस्तूला फुटली, संपली म्हणायचं नाही. बांगडी वाढते, पीठ वाढतं, देवापुढच्या दिव्यातलं तेलही वाढतं. हे मला लहानपणी ठाऊक होतं. पुढं वसतिगृहात साबण संपायचा, शाई संपायची, आणि मायचा शब्द माझ्या कानातून कधी गळून पडला ते कळलं नाही.

“सरळ आटली म्हणायचं नं!”

“जिचं पाणी पिऊन राह्यलो तिला मी माझ्या तोंडानं तसं म्हणू?”

सोमवारी साहेबांपुढं उभी राहिले आणि सगळं सांगितलं. त्यांनी माझ्या आकड्यावर लाल शाईनं रेघ मारली, वही माझ्यापुढं सरकवली. “नहीं नापा तो ‘नहीं नापा’ लिखना था. बस.” वर पत्रही पाठवलं त्यांनी. पण शेजारच्या नाल्यावर दगड येऊन पडले होते. साहेब रागावले असते तर बरं झालं असतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गावच्या विहिरींचं वर आलेलं पाणी मीच मोजलं. एकही आकडा चुकवला नाही. तिथल्या बायांनी बसवून ताक दिलं, तेही प्याले. मायला सांगितलं तर म्हणाली, “त्यांच्या इकडं आलं नं? बरं झालं.” आमच्या नाल्याची पाळी पुढं कधी आलीच नाही.

गुडघे गेल्यावर मायला मी आदिलाबादच्या क्वार्टरवर आणलं. नळाचं पाणी तिला कधी पटलं नाही. “याले चवच नाही वं.” भादव्यात विहीर भरली की मी बसनं जाऊन कॅनभर पाणी आणायची. ती पहिला घोट तोंडात धरून ठेवायची, गिळायची घाई करायची नाही. मग विचारायची, “काठापासून किती खाली हाय?” मी हातांत सांगायची. मीटर तिला नको असत.

तिच्या शेवटच्या वैशाखात ती अंथरुणावर होती. म्हणाली, “आपल्या विहिरीचं घोटभर पाहिजे होतं.” मी कॅन घेऊन गेले. काठावर बराच वेळ उभी राहिले. खाली कोरडे दगड. तसाच रिकामा कॅन घेऊन परत आले, मोरीतल्या नळाखाली भरला आणि तिच्यासमोर त्यातून पेल्यात ओतलं.

तिनं घोट घेतला. लगेच गिळला. माझ्याकडं पाहिलं.

“हो,” म्हणाली, “आपलंच हाय.”

दुसरा घोट तिनं मागितला नाही.