पेन ड्राइव्हलाही ‘येतो’ म्हणू द्यायचं

डिसेंबरातला शनिवार, दुपार. हजर: मी, शेजारचे गॅरेजवाले चाचा आणि त्यांची थोरली मुलगी.

आर्णीत माझं टायपिंग-झेरॉक्सचं दुकान होतं. कापसाने घरोघरी रडवलेली ती वर्षं. चाचांची मुलगी यवतमाळला बीएच्या शेवटच्या वर्षाला होती. शेतोशेत हिंडून, कापूस वेचणाऱ्या बायांशी बोलून तिने प्रकल्प लिहिला, तोही माझ्याच दुकानातल्या कॉम्प्युटरवर बसून. तो फक्त तिच्या पेन ड्राइव्हवर होता आणि त्याच संध्याकाळपर्यंत कॉलेजात द्यायचा होता. नाही दिला तर वर्ष वाया.

शेवटची ओळ झाली आणि लाइन गेली. यूपीएस ओरडू लागला. बाहेर यवतमाळच्या एसटीचा हॉर्न.

मुलीने पेन ड्राइव्हला हात घातला. मी तिचं मनगट धरलं.

“ओढू नको. त्याले आधी ‘येतो’ म्हणू दे.”

हा माझ्या दुकानाचा नियम. कुणाच्या घरून आपण ‘येतो’ म्हटल्याशिवाय निघत नाही, तसंच हे. स्क्रीनच्या खालच्या कोपऱ्यातल्या हिरव्या बाणावर क्लिक करायचं, मशीन हो म्हणालं की मगच काढायचा. लिहिणं चालू असताना ओढला, तर फाइल पुन्हा उघडेलच असं नाही.

मशीन नाही म्हणालं.

“काहून अडून बसलं हे?” चाचा म्हणाले. “ओढा ना, बाई!”

“चालत्या इंजिनात हात घालता काय तुम्ही?”

“इंजिन ऐकते माझं. एसटीवाला ऐकते काय?”

“मंग त्याच्याशी बोला जाऊन. गिअरचं बोला, तुम्हाले विषय लागते कुठं!”

चाचा धावले. मी पाहिलं, तर फाइल स्क्रीनवर मागच्या विंडोत उघडीच होती. सेव्ह केली, बंद केली, पुन्हा बाण. आता काढायला हरकत नाही, असा निरोप आला. बाहेर चाचा ड्रायव्हरच्या दाराला लटकून क्लचवर बोलत होते. मुलगी चढली तेव्हा कुठे उतरले.

प्रकल्प वेळेत पोचला. ती पास झाली, आज शिक्षिका आहे. दुकान बंद करेपर्यंत माझ्याकडे एकाचीही फाइल गेली नाही, हे मी छाती पुढे काढून सांगते.

प्रकल्प मात्र अजून त्या एकाच पेन ड्राइव्हवर आहे. दर ईदला मी म्हणते, घेऊन ये. ती म्हणते, आणते. दुसरी प्रत करायची राहिलीच आहे.