सोल्डरिंग गन घेऊन चौकला

लोक उत्तनकडे समुद्र बघायला जातात, मी तिथल्या चौक गावात सोल्डरिंग गन घेऊन गेले! पेणकरपाड्यात आमच्या गल्लीत चौकहून मासे विकायला येणाऱ्या रोझीमावशीला कळलं, की सोसायटीचा इंटरकॉम मी दुरुस्त केलाय. पापलेट निवडता निवडता तिने हुकूम सोडला, "आमचा बोटीवरचा वायरलेसबी बघ. ऐकू येतंय, पन बोलता येत न्हाय."

मागच्या फेरीत भर समुद्रात इंजिन बंद पडलं, तेव्हा तिचा नवरा पीटरकाका इतर बोटींच्या गप्पा ऐकत बसला होता. त्याची हाक मात्र कुणालाच ऐकू जात नव्हती. "सेट बोलला न्हाय तर बोट सोडू देनार न्हाय," मावशीने बजावलं. बोट रविवारी दुपारच्या भरतीला निघणार होती. हौशी माणसाला आणखी काय हवं? तिने पाठवलेल्या फोटोत माइकचा सॉकेट गंजलेला दिसला, तसाच नवा आणला आणि रविवारी सकाळीच निघाले.

भाईंदर पश्चिमेहून चौकची बस घ्या, स्वस्त आणि मस्त. रिक्षाने जाणार असाल तर भाडं आधी ठरवा, परतीच्या वेळी रिक्षावाले भाव खातात. मुर्धा, राई करत बस पुढे जाते, तेव्हा मिठागरं दिसतात. खिडकी सोडू नका.

मावशीच्या पडवीत मी दुकान मांडलं. जुना सॉकेट काढायचा म्हणजे त्याच्या पायांवरचं सोल्डर, म्हणजे धातूचा डाख, वितळवायचं आणि छोट्या पंपाने ओढून घ्यायचं. घाई केली की खालची तांब्याची पट्टी उखडते आणि सर्किट बोर्ड कामातून जातो. गन टेकवली मात्र, तळलेल्या मासळीचा घमघमाट! दोन मांजरी हजर झाल्या. सॉकेट कसाबसा निघाला, पण नवं सोल्डर काही चिकटेना. गोळ्या होऊन घरंगळायला लागलं.

"काका, बोर्डावर काही लावलंत का?"

"त्याल लावलंय, मुशीचं!" काकांची छाती फुगली. "खाऱ्या हवेत बोट कशावर टिकतेय? लाकडाला त्याल, तसं सेटलाबी त्याल."

"कपाटाच्या कुलपालाबी तेच चोपडतोय ह्यो," मावशी आतून ओरडली.

शार्क माशाचं तेल! मी कपाळावर हात मारला आणि हसत सुटले. मग स्पिरिट आणि जुना टूथब्रश घेऊन घासायला बसले. एक पट्टी किंचित उचलली गेली, ती चिमट्याने हलकेच दाबून बसवली. बाहेर पाणी चढत होतं, खलाशी बर्फ भरत होते आणि काका दर थोड्या वेळाने खाकरत होते. शेवटी गन टेकवली, सोल्डर लावलं, आणि ते चकचकीत होऊन पायाभोवती अलगद पसरलं. अहाहा! मी अक्षरशः टाळी वाजवली.

मध्येच मावशीने तांदळाची भाकरी आणि कुरकुरीत बोंबील पुढे ठेवले. चौकला कुणी जेवायला बसवलं तर लाजू नका.

सेट बोटीवर चढला. काकांनी शेजारच्या बोटीला हाक मारली, उत्तरही आलं. मावशीला मात्र पटेना. "हितून काय, नुसतं बोंबललं तरी ऐकू जातंय. रात्री लांबून बोलला तर खरं." बोट गेली आणि मीही बस पकडली.

घरी आले तर नवरा नाक धरून दारात उभा! गनच्या टोकाला अजून मुशीचा वास आहे, जाईलसं वाटत नाही. पण इतका आनंद मला कुठल्याच सहलीने दिला नव्हता. धाकधूक मात्र होतीच. ती उचललेली पट्टी काही डोळ्यांसमोरून जाईना.

रात्रीच्या जेवणाच्या सुमारास मावशीचा फोन आला. ती बंदरावरच्या वायरलेसजवळ उभी होती. "थांब, ऐक," म्हणाली आणि तिने फोन सेटला लावला. खरखर, खरखर, आणि मग लांबून, पण स्पष्ट, काकांचा आवाज:

"रोझी, जेवलीस काय गो?"

"आता जेवते," मावशी म्हणाली.