चाळणीतला बर्फ

पाणी फेकायचं नाही, ही आमच्या घराची शिस्त. भाजी धुतलेलं कुंड्यांना, डाळ धुतलेलं तुळशीला. मांजलपूरच्या आमच्या फ्लॅटमधला या शिस्तीचा शेवटचा रखवालदार मी.

लेकीला सोमवारी शाळेत खाऱ्या पाण्यातून गोडं पाणी काढून न्यायचं होतं, आणि बाई ते स्वतः चाखून बघणार होत्या. रविवारी पहाटेच तिने मिठाचं पाणी डब्यात भरून फ्रीझरमध्ये ठेवलं. अर्धं गोठल्यावर न गोठलेलं पाणी वाटीत ओतलं, बर्फाचा डबा ओट्यावर ठेवला आणि आंघोळीला गेली. मी चहासाठी आत आलो, तर समोर वाटीभर स्वच्छ पाणी. आता हे कुणीतरी मोरीत ओतणार, या धास्तीने मी ते परत डब्यात घातलं. वर स्वतःचं थोडं कौतुकही केलं.

बर्फ वितळल्यावर लेकीने घोट घेतला आणि तोंड वाकडं केलं. चौकशी बसली. मी कबुली दिली.

"बाबा, पाणी गोठताना मिठाला बाहेर काढतं. चार तास लागले त्याला. तुम्ही मीठ परत घरात घेतलंत."

बायको म्हणाली, यांच्याकडे पूर्वापार असंच, आलेल्याला जाऊ म्हणून देत नाहीत.

दुपारी पुन्हा श्रीगणेशा. किती गोठलं ते बघायला मी दर दहा मिनिटांनी फ्रीझर उघडत होतो. शेवटी माझ्या आईने फ्रीजसमोर खुर्ची मांडली आणि भाजी निवडत तिथेच ठाण मांडलं. संध्याकाळी लेकीने बर्फ चाळणीत निथळला, वर थोडं चांगलं पाणी ओतून धुतला. ते पाणी मोरीत जाताना मी डोळे मिटून घेतले. बर्फ वितळला, ते पाणी तांब्यात भरलं.

तेवढ्यात शेजारच्या गुजराती मासी आमची ताटली परत करायला आल्या. आलेल्याला आधी पाणी, ही आईची शिस्त. तिने हाताशी होता त्या तांब्यातून पेला भरून दिला. लेक दारातच थिजली. मासींनी पेला संपवला.

"सरस पाणी छे. अजून द्या ना."

"मासी, दुसरं देते," लेक तांब्या उराशी धरून म्हणाली. "हे बाईंचं आहे."

सोमवारी बाईंनी चाखलं आणि वर्गाला टाळ्या वाजवायला लावल्या. वही मी नंतर पाहिली. 'घ्यायची काळजी' या मथळ्याखाली पहिलंच वाक्य होतं: डब्यापासून वडिलांना लांब ठेवावे. बाईंनी त्यावर बरोबरची खूण केली होती.